तुमच्या लेकरांचं आजोळ कुठं आहे?

पत्र

ताई, मी मूळची संभाजीनगरची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला 16 वर्षं झाली. माझं आजोळ अंबाजोगाई. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की आजी स्वतः एसटीनं आम्हाला न्यायला यायची. शहागडच्या पुलावर गाडी आली की कनवटीची पिशवी सोडून प्रत्येकाच्या हातावर एकेक नाणं ठेवायची, आणि आम्ही ते खिडकीतून गंगेत टाकायचो. पुढचा दीड महिना वाड्यात आम्ही 11 भावंडं. माळवदावर झोपणं, आढीतले आंबे, पहाटे वाटीत मिळणारा कुरडयांचा गरम चीक, संध्याकाळी योगेश्वरीचं दर्शन. पाण्याची तंगी कायम. बादलीभर पाण्यात दोघींनी अंघोळ करायची. आजही पुण्याच्या घरात मी फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते आणि मुलगी चिडते.

आजी 3 वर्षांपूर्वी गेली, वयाच्या 84व्या वर्षी. मामा-मामी लातूरला मुलाकडे राहायला गेले. वाड्याला कुलूप आहे आणि आता ते वाडा विकायचा म्हणतात. यंदा मे महिन्यात मी हट्टानं दोन्ही मुलांना घेऊन गेले. आठ दिवसांचा बेत होता. घरभर धूळ, पंखा बंद, धाकटा रेंज शोधत हिंडतोय आणि 13 वर्षांची मुलगी म्हणते, "आई, यात एवढं काय आहे?" तिसऱ्या दिवशी परत निघालो. गाडीत मला रडू आवरलं नाही. नवरा म्हणतो, तुझ्या आठवणी मुलांवर लादू नकोस. कर्ज काढून वाडा आपणच घ्यावा असं सारखं मनात येतं. मी मागेच अडकून पडले आहे का? आजीनं मला जे दिलं ते मी मुलांना कसं देऊ?

— थोरली नात, पुणे

उत्तर

प्रिय थोरली नात,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना शहागडच्या पुलावर बराच वेळ थांबले. माझं आजोळ गंगाखेडचं, त्याच नदीच्या काठचं. आपल्याकडं तिला गोदावरी म्हणतात ते शाळेच्या पुस्तकात. घरात ती गंगाच. नाणं टाकताना माझी आजी पुटपुटायची काहीतरी. काय म्हणायची ते मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि पत्रात कोण कोण आहे ते बघत गेले. मूळ पत्र चार पानांचं, इथं थोडक्यात छापलंय. त्यात आजी आहेत, 11 भावंडं आहेत, वाड्यातलं लिंबाचं झाड आहे, दारावर येणारा कुल्फीवालासुद्धा आहे. मामी चार पानांत एकदा येतात, "मामा-मामी लातूरला गेले" या वाक्यात. आणि आजोळच्या आठवणींत तुमची आई एकदाही येत नाही. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. आजोळ आठवताना आपण सगळेच पुन्हा आठ-दहा वर्षांचे होतो, आणि त्या वयाच्या लेकराला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या दोन बायकांपाशी सापडतंय, म्हणून तिथूनच बोलते.

त्याआधी वाड्याचं सांगून टाकते, कारण तो विचार तुमची झोप घेतोय. वाडा विकत घेऊ नका. माळवदाचं घर माणसांच्या वावरावर उभं असतं. दर पावसाळ्याआधी वर माती ओढून दाबावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात, पाऊस लागला की कुठं टिपकतंय ते बघत रात्री उठावं लागतं. कुलूप लावलेल्या माळवदात दोन पावसाळ्यांत पाणी मुरतं, तुळयांना वाळवी लागते आणि मातीच्या भिंतीला पोट येतं. पुण्यात बसून हप्ते फेडायचे आणि वर्षातून तीन दिवस जाऊन गळकं घर बघायचं, यानं तुमचं दुःख वाढेल. तुम्ही मेमध्ये तीन दिवसांत हे पाहिलं आहेच.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र आईच्या कानावर घाला. वाडा आजोबांच्या किंवा आजींच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या आईचा त्यात मामांइतकाच हक्क आहे. वडिलोपार्जित मिळकत असेल तर 2005च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाच्या बरोबरीला आणलं आहे. विक्रीच्या वेळी आईची सही लागेल, किंवा आधी नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागेल. आपल्याकडं बहिणी भावासाठी हक्क सोडतात, खुशीनं सोडतात. त्यांनी सोडावा की न सोडावा यात तुम्ही पडू नका. कागद वाचून, समजून सही करावी, एवढंच बघा. आणि हिश्श्याची गोष्ट आठवणींच्या गोष्टीत मिसळू देऊ नका. मामा-भाच्यांची नाती या दोन गोष्टी एकत्र झाल्या की तुटतात, आणि मग तुटलेली दिसतात ती लग्नाकार्यात.

आता चीक.

तुम्ही लिहिलंय, पहाटे माळवदावर जाग यायची ती चिकाच्या वासानं, आणि आजी वाटीत गरम चीक, त्यावर तेल घालून हातात द्यायच्या. वाचताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्या वाटीच्या मागं जाऊन बघा जरा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटायचे, पिळून पिळून कपड्यातून गाळायचे, रात्रभर ठेवायचे. पहाटे चारला उठून वरची निवळी अलगद ओतून टाकायची. मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं, आणि मग एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं घोटायचा. हात थांबला की गाठी झाल्या. वीस माणसांच्या घरचं ते पातेलं, दोन्ही पायांच्या मध्ये धरून, वाफ तोंडावर घेत घोटायला खांद्यात जोर लागतो. ऊन चढायच्या आत सोऱ्यानं सगळा घाणा माळवदावर पडला पाहिजे.

तुम्ही दहा वर्षांच्या होता तेव्हा तुमच्या आजी पन्नाशीच्या पुढं गेलेल्या असतील. मग घोटत कोण होतं?

मामी. तीस-पस्तीस वर्षांची बाई, स्वतःची लेकरं, वर नणंदांची मिळून 11, दीड महिना. भाकरी किती थापल्या असतील, धुणी किती, आणि पाणी तर सगळं मोजून मापून. त्यांचंही माहेर असेलच कुठंतरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची लेकरं त्यांच्या आजोळी कधी जात होती? सगळ्या नणंदा माहेरी आलेल्या असताना त्यांना माहेर कधी मिळालं? हे तुम्हाला माहीत नसेल. मलाही माझ्या मामीचं माहीत नव्हतं.

माझी आजी जाऊन वीस वर्षं झाल्यावर एकदा मी मामीजवळ बसले होते. बोलता बोलता म्हटलं, आजीला आम्ही आलो की किती आनंद व्हायचा नाही? मामी म्हणाली, व्हायचा की. चैत्र लागला की वाण्याकडं उधारी सुरू व्हायची, गूळ, शेंगदाणे, तेल. ती उधारी दिवाळीपर्यंत दुधाच्या पैशातून फिटायची. आणि तुम्ही गेलात की दोन दिवस आत्याबाई (सासूला ती तसं म्हणायची) अंथरुणातून उठायच्या नाहीत. मी भाकरी नेऊन द्यायची, त्या म्हणायच्या, ठेव, मग खाते. मामीनं यात तक्रार केली नाही. सहज सांगितलं. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आजीला पाहिलं. तोपर्यंत मी फक्त तिच्याकडून घेत आले होते. ती काय पुटपुटायची हेही मामीनंच सांगितलं. ती आमची नावं घ्यायची, एकेका नाण्यामागं एकेक नाव.

तुमच्या आजींबरोबर सगळ्यांत जास्त वर्षं कोणी काढली? आईनं नाही, ती लग्न होऊन संभाजीनगरला गेली. मामांनी एका घरात काढली, पण माजघरात नाही काढली. आजी शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा कोण होतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलं नाहीत. जिच्याकडं आजी उरल्या आहेत ती बाई लातूरला आहे, आणि तुम्ही त्यांना कुलूप लावलेल्या वाड्यात शोधून आलात.

म्हणून पहिलं काम, मामींना फोन करा. वाड्याविषयी अवाक्षर काढू नका. चीक कसा करायचा ते विचारा. एवढंच विचारा, बाकीचं त्या सांगतील. शक्य असेल तर लातूरला जाऊन समोर बसून विचारा आणि मोबाईलवर त्यांचा आवाज धरून ठेवा, त्यांना सांगून. तुमच्या आजींचं बालपण निजामाच्या राज्यातलं. तेव्हा अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, आणि त्या पिढीतल्या कितीतरी बायका शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणत राहिल्या. 1948च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा त्या आठ-दहा वर्षांच्या असतील. 1972च्या दुष्काळात त्या भर संसारात होत्या. बादलीभर पाण्यात दोघींची अंघोळ हा त्यांचा कंजूषपणा नव्हता हे तुम्हाला कळतं, पण नेमकं काय बघून त्या तशा झाल्या, ते सुनेला ठाऊक असणार. भाकरी थापताना सासू सुनेला जे सांगते ते ती नातवंडांना सांगत नाही.

आता दुसरी बाई, तुमची आई.

वाडा विकला जातोय तेव्हा तुमचं आजोळ जातंय, हे खरं. पण आईचं माहेर जातंय. 66 वर्षांची बाई (वय तुम्हीच तिच्या औषधांबद्दल लिहिताना दिलं आहे) गप्प आहे, म्हणून तिला काही वाटत नाही असं समजू नका. आई-वडील गेल्यावर माहेर भावाच्या दारात उरतं, आणि ते दार मोडू नये म्हणून आपल्या बायका आयुष्यभर गप्प बसतात. तुम्ही मेमध्ये मुलांना घेऊन गेलात तेव्हा आईला का नेलं नाहीत? पत्रात कारण नाही. कदाचित सुचलंच नसेल. गाडीत जागा नव्हती असं असेल तर पुढच्या वेळी करा.

आणि आता मी तुम्हाला तुमचाच प्रश्न उलटा विचारते. तुमच्या मुलांचं आजोळ कुठं आहे?

अंबाजोगाईला नाही. ते तुमचं आहे. तुमच्या मुलांचं आजोळ संभाजीनगरला आहे, सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या आईच्या घरात. मुलगी म्हणाली, यात एवढं काय आहे, तर ती खोटं बोलली नाही. तिच्यासाठी त्या वाड्यात कोणीच नव्हतं. तुम्ही उतरलात तेव्हा ओट्यावर उभं राहून तुमच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडणारी बाई होती. ती उतरली तेव्हा कुलूप होतं. आजी जिथं असते तिथं आजोळ असतं. लिंबाखाली असेल नाही तर लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत असेल.

तुमची मुलं आजीकडं किती दिवस राहतात? मला तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं: दिवाळीला चार दिवस, मेमध्ये एखादा शनिवार-रविवार, तेही तुमच्याबरोबर. पोहण्याचा क्लास, चित्रकलेचं शिबिर, धाकट्याचं क्रिकेट. तुम्ही स्वतः दीड महिना राहायचात, आणि त्यातलं मुख्य म्हणजे मोठ्यांचं तुमच्याकडं लक्ष नसायचं. आजी पापड लाटत असायच्या आणि तुम्ही मध्ये मध्ये लुडबुडत असायचात. कोणी तुम्हाला बसवून संस्कार वगैरे केले नाहीत. पाणी सांडलं की ओरडा बसायचा, आणि तो ओरडा पुण्यातल्या स्वयंपाकघरात अजून ऐकू येतो, बादली भरते.

मुलगी त्या बादलीवरून चिडते म्हणता. चिडू द्या. तिला तुम्ही व्याख्यान देऊ नका. तिला पंधरा दिवस आजीकडं ठेवा, संभाजीनगरात, जिथं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी कॉलनी जागी असते. पिंप, हंडे, बादल्या, सगळं भरून झाकून ठेवणारी तिची आजी ही तुमच्या आजींचीच लेक आहे. आठ दिवसांचं पाणी पुरवून वापरताना ती मुलगी जे शिकेल ते तुमच्या तोंडून शिकणार नाही.

आणि तुम्ही तिथं राहू नका. मुलांना सोडा आणि पुण्याला परत या. ही गोष्ट तुम्हाला जड जाईल, कारण मुलांचा आनंद तुम्हाला डोळ्यांनी बघायचा आहे. पण आजी-नातवंडांमध्ये आई उभी राहिली की आजी पाहुणी होते आणि नातवंडं शहाणी होतात. आईला एकटीला झेपेल का, ही काळजी रास्त आहे. मुलं 13 आणि 9 वर्षांची आहेत, पाळण्यातली नाहीत. स्वयंपाकाला, वरकामाला बाई लावून द्या, तिचे पैसे तुम्ही द्या. माझ्या आजीच्या वाट्याला आलेले दोन दिवसांचे अंथरूण तुमच्या आईच्या वाट्याला येऊ नये. आईला सांगा, वेगळं काही करू नको. तिची भिशी, तिचं भजनी मंडळ, भाजी आणणं, यात त्यांना फरफटत ने. संध्याकाळी पाणचक्कीवर बसा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची रीघ लागते, जमेल तेवढं चाला, दमलात की रिक्षा करा. मोबाईल काढून घेऊ नका. रेंज आहे म्हणून आजोळ बिघडत नाही.

अंबाजोगाई राहिलीच. तिथं जायचंय, आणि एकदा नीट जायचंय. माझ्या मनात आहे ते सांगते, तुम्हाला पटलं तर बघा.

दिवाळीला अजून चार महिने आहेत. मामांना एकच विनंती करा, विक्रीचा व्यवहार दिवाळीनंतर करा. कारणही खरं सांगा: या वेळची भाऊबीज वाड्यात व्हावी. आईनं आपल्या भावाला त्या ओसरीवर शेवटचं ओवाळावं. कोणताही भाऊ याला नाही म्हणणार नाही, आणि लातूर काही लांब नाही. घर झाडून घ्यायला दोन माणसं आधी लावा. पंखा दुरुस्त करा. राहायला लॉज घ्या, कारण दिवस वाड्यात काढायचा आहे आणि रात्री म्हाताऱ्या माणसांना नीट संडास-बाथरूम हवं. फराळ पुण्याहून तुम्ही घेऊन जा, जेवण खानावळीतून मागवा. त्या दिवशी मामींनी चुलीजवळ जायचं नाही. त्यांना ओसरीवर बसवा, आणि ताट वाढून तुम्ही द्या. तीस-चाळीस वर्षांत त्या घरात त्यांना कोणी बसून वाढलंय का, ते बघा आठवून.

दिवस सीताफळांचे असतील. बालाघाटच्या डोंगरातलं, धारूरकडून टोपल्या भरून येणारं सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे 2016 साली, पण तुम्हा-आम्हाला त्याची ओळख कागदावरून करून घ्यावी लागत नाही. मे महिन्यात तुम्ही मुलांना जे डोंगर दाखवलेत ते करपलेले होते. दिवाळीत मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत हिरवं असतं, पायऱ्या उतरताना गार वारा लागतो. हत्तीखान्यात न्या, धाकट्याला ते दगडी हत्ती आवडतील. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, ही गोष्ट तिथंच सांगायची असते, हत्तीच्या सोंडेवर हात ठेवून. पण ती तुम्ही सांगू नका. आईला सांगू द्या. तुमच्या आजींनी ती आधी तुमच्या आईला सांगितली होती.

मुलीला चित्रकलेची, अक्षरांची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यासाठी अंबाजोगाईत एक गोष्ट अशी आहे की तुमच्याही लहानपणी कोणी दाखवली नसेल: दासोपंतांची पासोडी. सोळाव्या शतकातल्या या संतकवीनं सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर ओव्या लिहिल्या, आकृत्या काढल्या. ते कापड अंबाजोगाईत जपलेलं आहे. बघायला मिळेल का, ते मामांना आधी चौकशी करायला सांगा. तुमच्या आठवणीत नसलेलं काहीतरी त्या गावात तुमच्या मुलीला मिळालं, तर गाव तिचं व्हायला सुरुवात होईल. आपण लेकरांना आपलीच ठिकाणं दाखवत राहतो: इथं मी पडले, इथं आम्ही लपायचो. त्यांना त्यात जागा राहत नाही.

वाड्यातून काय आणायचं, हेही तुम्ही विचारलंय. दरवाजा, खांब यांच्या मागं लागू नका, ते विकत घेणाऱ्याच्या हिशेबात धरलेले असतात आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते शोभेला टांगले जातात. पितळी सोऱ्या मागा. पण मामांना नाही, मामींना विचारा. त्यांनी पंचवीस-तीस उन्हाळे तो फिरवला आहे. त्या म्हणाल्या की मला हवा, तर आनंदानं त्यांना राहू द्या आणि कुरडयांच्या दिवसांत लातूरला जा.

तुम्ही मागे अडकलेल्या नाही. आजी गेल्यावर तुम्ही नीट रडलाच नाहीत असं मला पत्रावरून वाटलं. तेव्हा मुलीची सहामाही परीक्षा होती, तेराव्यानंतर लगेच निघालात. ते रडू तीन वर्षांनी मेमध्ये गाडीत आलं. मुलांनी आईला रडताना पाहिलं म्हणून काही बिघडलं नाही. नवऱ्याला सांगा, लादत नाही मी काही. माझ्या आईकडं पंधरा दिवस पोरं ठेवायची आहेत, आणि दिवाळीत दोन दिवस अंबाजोगाईला जायचं आहे. एवढ्याला ते नाही म्हणतील असं वाटत नाही.

आता प्रवासाचं, कारण ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुम्ही दोघं पुण्याहून नगर, बीड, मांजरसुंबा, केज असे गाडीनं या. मुलांना मात्र पाडवा झाला की आजीकडं सोडलेलं असू द्या, आणि आजीनं त्यांना संभाजीनगरहून एसटीनं घेऊन यावं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. खिडकीची जागा धाकट्याला. गेवराईच्या अलीकडं शहागड येतं. आईला काही सांगून ठेवू नका, ती आपोआप पिशवीत हात घालेल. नाणं कोणी कोणी टाकलं आणि टाकताना ती काय पुटपुटली, ते मुलीला ऐकून ठेवायला सांगा, आणि मला कळवा.

तुमची,
ताई